पालथ्या हाताचं माप

नाना, गेल्या रविवारी मी तुमच्या नातीला घेऊन धुळ्याला गेले होते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर सहा वर्षांनी ती झाली. आता पंधराची आहे, माझ्यापेक्षा बोटभर उंच, आणि पाय अगदी तुमचे घेऊन आलीय, टाचेला निमुळते आणि पुढे फावड्यासारखे पसरट. त्या पायांनी ती काय करते ते ऐकलंत तर आधी हसाल आणि मग काळजीत पडाल. अडीच फुटांची एक फळी असते, खाली चार चाकं. तिला स्केटबोर्ड म्हणतात. जळगावात एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, जिथे पूर्वी कापसाचे ढीग पडायचे त्या कोब्यावर, ही त्या फळीवर उभी राहून सुसाट जाते, फळीसकट हवेत उडी मारते आणि फळीसकटच खाली येते. निदान तसा प्रयत्न असतो. पहिल्या वर्षी गुडघे, कोपरं, हनुवटी, फोडून घ्यायचं काही शिल्लक ठेवलं नाही तिने. शेवटी वैतागून मी सांगून टाकलं की आता पुन्हा रक्त दिसलं की फळी माळ्यावर जाईल आणि दहावी होईपर्यंत खाली यायची नाही. रागाच्या भरात बोलले, पण ती माझी मुलगी आहे. मी रागात बोललेलंच जास्त पाळते हे तिला पक्कं ठाऊक आहे.

धुळ्याला निवड चाचणी होती. त्यातून निवडलेल्या मुलामुलींना पुण्याला महिनाभराच्या शिबिरासाठी नेणार होते, आणि पोरीच्या डोक्यात फेब्रुवारीपासून दुसरं काही नव्हतं. चाचणीला पंधरा दिवस राहिले तेव्हा तिच्या सरांनी मला बोलावून तिच्या पायातले बूट दाखवले. पळायचे बूट होते ते, उंच टाचेचे, फुगीर तळाचे. सर म्हणाले, यात पायाला फळी कळत नाही. तळ सपाट हवा, रबर पातळ पण चिवट हवं, आणि वरचा भाग उलट्या चामड्याचा, म्हणजे आतली लवदार बाजू बाहेर असलेला, हवा, कारण फळीवर सँडपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो आणि उडी मारताना पुढच्या पायाची करंगळीकडची कड त्यावरून घासत वर न्यावी लागते. साधं कापड तिथे महिन्याभरात फाटतं. मी मोबाइलवर खास त्या खेळाचे बूट शोधले आणि किंमत पाहून मोबाइल पालथा ठेवून दिला. मग एका सकाळी, कॉलेजच्या ऑफिसात जायच्या आधी, तिला घेऊन एका एसी लावलेल्या दुकानात गेले. पांढरे बूट, जांभळी पट्टी, तळ सपाट, खोक्यावर फळीचं चित्र, आणि भाव परवडणारा. अंगठ्यापुढे बोट दाबून पाहिलं, जागा होती. तिला म्हटलं, "दुखतं का कुठे?" ती आरशापुढे दोन पावलं चालली. "नाही गं आई, मस्त आहेत. घेऊन टाक." मी घेऊन टाकले. नाना, मी तुमची मुलगी. तरी मी लांबी पाहिली आणि रुंदी पाहिली नाही, दिवसभराने पाय थोडे सुजतात त्याच्या आत, सकाळीच बूट घेतले, आणि वर तिला विचारलं.

तुमचा पहिला रागच त्याबद्दलचा होता, तो मला अजून आठवतो. मी नऊ वर्षांची आहे. तुमचा डबा घेऊन कुष्ठरुग्णांच्या त्या दवाखान्यात आलेय. मागच्या बाजूला कडुनिंबाखाली तुमची खोली, तिथे तुम्ही आणि तुमच्या जोडीला कामाला असलेले चाचा समोरासमोर बसून चपला-बूट बनवता. काळ्या मऊ रबराचे तुकडे, सोल्युशनचा वास, दाभण, मेणाचा दोरा. खिळा मात्र खोलीत औषधालाही नाही, कारण ज्या पायाला दुखणं कळत नाही त्या पायात खिळा घुसला तरी माणूस गावभर चालत राहतो. एक म्हातारी नवी चपल घालून बसली होती. लाल पट्टा तिने मागून घेतला होता आणि तुम्ही मुद्दाम बाजारातल्यासारखा दिसेल असा तो लावला होता. मी आपलं पुढे होऊन शहाणपणाने विचारलं, "आजी, दुखतं का?" म्हातारी खूश होऊन म्हणाली, "नही माय, बठ्ठं चांगलं शे." आणि तुम्ही एकदम आवाज चढवलात. "तिले इचारू नको. तिना पायले समजत नही. हात लाईसन देख." तुमचा चढलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता, त्यामुळे माझ्या हातातला डबा हलला आणि वरण सांडलं. मग तुम्ही म्हातारीला झाडाभोवती वीस फेऱ्या मारायला लावल्या, तिचा पाय मांडीवर घेतलात आणि पालथा हात हळूहळू तळव्यावरून, बोटांच्या कडांवरून फिरवलात. ज्या ठिकाणी चपल दाबते तिथे पाय गरम होतो, आणि ते पालथ्या हाताला कळतं, तळहाताला नाही. करंगळीच्या बुडाशी तुमचा हात थांबला. "हाऊ जोडा खोटा शे," म्हणालात, आणि लाल पट्टा उसवायला घेतलात. म्हातारीचं तोंड पडलं. तुम्ही तिला सांगत होतात की जोडा स्वस्त असला तर चालतो, अरुंद असला तर चालत नाही.

दवाखान्यातून आलात की माय तुमच्यासाठी अंगणात बादली भरून ठेवायची. आंघोळ झाल्याशिवाय तुम्ही आम्हाला शिवायचं नाही असा तिचा दंडक होता. हा रोग असा शिवून होत नाही, हे तुम्ही तिला दहा वेळा सांगून झाल्यावर सांगायचं सोडून दिलंत आणि मुकाट्याने आंघोळ करू लागलात. मी पाचवीत असताना गॅदरिंगच्या शर्यतीत माझं नाव आलं तेव्हा तुम्ही माझ्यासाठी बूट बनवलेत. तपकिरी चामडं, आत मऊ अस्तर, खाली तेच काळं रबर. घरातल्या कुणासाठी तुम्ही बनवलेला तो एकच जोड. पहिल्या दिवशी मी ते शाळेत घालून गेले आणि संध्याकाळी आंघोळ करून, केस ओले असतानाच तुम्ही माझ्यापुढे जमिनीवर बसलात, मला अंगणात धावून यायला सांगितलंत, बूट काढलेत आणि पालथा हात माझ्या पायाकडे आणलात. मी पाय मागे घेतला. "नाना, गुदगुल्या होतात." तुम्ही हसलात. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग गुडघ्यावर गेला. "बरं," म्हणालात, "दुखस का?" मी म्हटलं, "नही." त्यानंतर तुम्ही मला नेहमी विचारलंत. पुन्हा कधी हात लावला नाहीत.

बूट टाचेला चावत होते. मी कापूस लावून घालत राहिले, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी मायने माझ्या मोज्यावर रक्त पाहिलं. मला शर्यतीत धावू दिलं नाही, त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर बसून तो बूट उसवत होतात आणि मायला म्हणत होतात, "मना हात चुकना." वीस वर्षं तुमचा हात चुकला नव्हता. कुणाच्या पायाला तुमच्या चपलेने जखम झाली असं चाचासुद्धा कधी बोलले नव्हते. मी दाराआड उभी राहून ते ऐकलं आणि शाळेत निघून गेले.

आता इकडे बघा काय झालं. नवे बूट आल्यापासून पोरगी घरात मोजे घालू लागली. मे महिना, जळगाव, कूलरमध्ये पाणी घालून घालून कंबर मोडतेय, फरशी चुलीवरच्या तव्यासारखी, आणि ही जेवायलासुद्धा मोजे घालून बसतेय. मी म्हटलं, "अगं, मोजे का?" तर म्हणे बुटांची सवय व्हायला हवी. मोजे स्वतः धुऊ लागली. ज्या मुलीने जन्मात रुमाल पिळला नाही ती मोजे धुऊन बाथरूममध्येच आतल्या दांडीवर वाळत घालतेय. मला दिसत होतं, आणि मी विचारत होते. सोमवारी विचारलं, बुधवारी विचारलं, शनिवारी बॅग भरताना विचारलं, "खरं सांग, दुखत नाही ना?" प्रत्येक वेळी तेच, "नाही गं." शनिवारी तर चिडून म्हणाली, "किती वेळा विचारशील?" रक्त दिसलं की फळी माळ्यावर, असं मीच सांगून ठेवलेलं. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर मी ठेवलंच कुठे होतं? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी स्वतःची समजूत काढत राहिले की ती आता मोठी झालीय, तिला कळतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बूट बरोबरच असायला हवे होते. दुसरे लगेच घेणं जमणार नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीने निघालो. ऊन उतरल्यावर चार वाजता चाचणी होती, पण लवकर पोचलेलं बरं म्हणून आधीच निघालो. फळी तिच्या गुडघ्यांमध्ये उभी. एरंडोलपर्यंत ती बडबडत होती. पुढे गप्प झाली, आणि पारोळ्याच्या आसपास मी पाहिलं की तिने उजवा बूट हळूच अर्धा काढलाय आणि टाच बाहेर घेऊन बसलीय. खिडकीतून गरम झळा येत होत्या. मी वाकले आणि तिच्या पायाकडे हात नेला. का नेला कोण जाणे, पालथाच नेला. तिने झटकन पाय सीटखाली ओढला आणि हसली. "आई, नको ना, गुदगुल्या होतात."

नाना, मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती ते हसू मला तोंडपाठ होतं. ओठ हसतात आणि डोळे समोरच्याचा चेहरा बघत राहतात, पटलं की नाही ते पाहायला. मी म्हटलं, "पाय इकडे दे." ती म्हणाली, "लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. पाय दे." तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी तिचा घोटा धरला आणि मांडीवर ओढून घेतला, चारचौघांत, जवळजवळ जबरदस्तीने, अर्धा निघालेला बूट काढला आणि मोज्यावरूनच करंगळीच्या बुडाशी हात ठेवला. सगळाच पाय तापलेला होता, उन्हाळाच तसा, पण ती एक जागा वेगळी होती. दुधाच्या पातेल्याची कड लागावी तशी. मोजा काढताना तो चिकटला होता. फोड केव्हाच फुटला होता, रुपयाएवढी कातडी निघाली होती आणि कडा लाल झाल्या होत्या. "किती दिवस?" मी विचारलं. "आठ," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, माझा हात धरून, "आई, सरांना सांगू नको. आजचा दिवस फक्त. आजच्यानंतर फळी माळ्यावर टाक, मी काहीच म्हणणार नाही. आजचा दिवस." मला तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या जांभळ्या पट्टीचा. शेजारची बाई पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरत होती. मी जखम धुतली, रुमाल गुंडाळला आणि धुळं येईपर्यंत तो पाय मांडीवरून खाली ठेवू दिला नाही.

स्टँडवरून परत जळगावची गाडी धरायची, असंच माझ्या मनात होतं. ज्या पायाला जखम आहे त्या पायात जोडा नाही, हा तुमचा कायदा. पोरगी नुसती फळी छातीशी धरून उभी होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात चाचांची आठवण झाली. दवाखान्यातली ती खोली बंद झाल्यावर त्यांनी इथे धुळ्यातच पाचकंदील चौकामागे एका गल्लीत बुटांचं लहानसं दुकान टाकलं, हे ऐकून होते. रिक्षा करून गेलो. चाचा आहेत, नाना. डोळ्यांना कमी दिसतं, मुलगा दुकान बघतो, पण ते तिथेच गादीवर बसून असतात. मी ओळख सांगितली तशी म्हणाले, "भाऊनी पोर ना तू? आवाजवरूनच समजनं." मी पोरीचा पाय त्यांच्यापुढे केला. त्यांनी जखम पाहिली नाही, दिसलीच नसेल. आधी दोन्ही पायांवरून पालथा हात फिरवला, अगदी तुमच्यासारखा, आणि मग तो पांढरा बूट उचलून आत बोटं घातली. "बठ्ठी चमकच शे," म्हणाले, "बोटेसले जागा नही."

मुलाला त्यांनी वरच्या कप्प्यातला एक जोड काढायला सांगितलं. कामगारांसाठी मागवून ठेवलेला माल असावा, राखाडी उलट्या चामड्याचा, पुढून रुंद, तळ सपाट, रबर पातळ, ना पट्टी ना चित्र. पांढऱ्या बुटांपेक्षा स्वस्त होता, हे लिहिताना मला आत्ताही लाज वाटते. चाचांनी मऊ रबराचा तुकडा घेतला, चाचपडत कात्रीने त्याची चकती कापली, मधोमध भोक पाडलं आणि जखम त्या भोकात येईल अशी पायाला चिकटवली, म्हणजे दाब कडेवर पडतो, जखमेवर नाही. पोरगी गल्लीत वीस पावलं चालून आली. बूट काढला. पुन्हा हात. "थंडा शे," म्हणाले. ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "चाचा, पण नाना म्हणायचे, जखमेवर जोडा नाही." चाचांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या दवाखानाना पाय सांगेत नही, बेटी, म्हनीसन भाऊ हात लावे. हिना पाय सांगस. पन हिले सांगू दे." आणि तिच्याकडे तोंड करून, "दुखनं का थांबानं. कबूल?" ती हो म्हणाली. चाचा म्हणाले, "मले नको सांगू. मायले सांग." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हो म्हणाली. मी पण तिला एक गोष्ट कबूल केली, की ती दुखतंय म्हणाली तर फळी माळ्यावर जाणार नाही.

चार वाजता एका शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर लाकडी उतार मांडले होते. मी भिंतीच्या सावलीत उभी होते आणि ती फळीवर चढली तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, फक्त त्या राखाडी बुटांकडे पाहत होते. प्रत्येकाला तीन फेऱ्या. पहिली फेरी तिची चांगली झाली. दुसऱ्या फेरीत तिने उडी मारली, फळीसकट वर गेली, फळीसकट खाली आली, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला ती उतारावर गेली, फळी ठेवली, पुढचा पाय ठेवला आणि उचलला. पुन्हा ठेवला. सगळे वाट बघत होते. कुणीतरी ओरडलं, "चल ना." मला वाटलं ती जाईल. तिच्या जागी मी गेले असते, नाना, मी दात खाऊन गेले असते. तिने हात वर केला आणि मैदानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सर, मला दुखतंय." मग फळी उचलून लंगडत माझ्याकडे चालत आली. तिची निवड झाली नाही. तीन फेऱ्या पूर्ण केलेल्यांमधूनच घेणार होते. सर म्हणाले, दिवाळीनंतर पुन्हा चाचणी आहे. परतीच्या गाडीत ती पारोळ्यापर्यंत रडली आणि मग माझ्या खांद्यावर झोपली. मी तिला उगी म्हटलं नाही. मला तिचं इतकं कौतुक वाटत होतं की बोलायला गेले असते तर मीच रडले असते.

आता ती समोर खाटेवर बसलीय. मोजे नाहीत. जखम सुकत आलीय, सकाळ-संध्याकाळ मी तिचा पाय मांडीवर घेते, पालथा हात फिरवते, आणि ती मोबाइल बघत बसते, पाय मागे घेत नाही. हे लिहितेय तो खाकी कागद चाचांनी बूट गुंडाळून दिलेला आहे. लिहून झालं की तुम्ही कोंबायचात तसा चोळामोळा करून बुटाच्या पुढच्या भागात कोंबून ठेवीन, दिवाळीपर्यंत आकार नीट राहील. काल पाय बघताना तिने विचारलं, "आई, नाना तुझे पाय असेच बघायचे का गं?" मी म्हटलं, "हो."

खोटं बोलले. बूट पहिल्यांदा घालून गेले त्या दिवशी शाळेत एका मुलीने माझे नवे बूट उलटे करून काळं रबर सगळ्यांना दाखवलं होतं. म्हणाली होती की हे महारोग्यांच्या चपलेचं रबर आहे, आणि हिचे वडील त्यांचे पाय मांडीवर घेतात. संध्याकाळी तुम्ही आंघोळ करून माझ्यापुढे बसलात तेव्हा तुमच्या हाताला साबणाचा वास होता, तरी मी पाय मागे घेतला. मला गुदगुल्या झाल्या नव्हत्या, नाना. तुमचा हात चुकला नव्हता. मी तो लागूच दिला नाही.